राजा मधोमध ठेवला

आमच्या बाबांच्या पायाचं बोट काळं पडलं, त्याच सुमाराला परदेशात कुठेतरी आठ जण बुद्धिबळ खेळायला बसले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असं कोणीही विचारेल. मीही तेच विचारत होते, रोज, मोठ्या आवाजात. पण बाबांनी संबंध जोडला होता, आणि त्यांनी एकदा जोडलेलं ब्रह्मदेवाच्या बापालाही सोडवता येत नाही.

मी कर्जतजवळ दहिवलीत पिठाची गिरणी चालवते. माझा आवाज चढा आहे तो गिरणीमुळे, असं मी सांगते. नवरा सांगतो की गिरणी नव्हती तेव्हाही तसाच होता. त्यांचं सोडा. बाबा खालापूर तालुक्यातले, चौक गावाच्या आतल्या बाजूच्या एका खेड्यातले. मी त्यांची एकुलती एक. आई गेल्यापासून ते एकटेच राहायचे आणि माझ्याकडे या म्हटलं की, "लेकीच्या दारात खाट टाकून बसू का?" म्हणून मलाच गप्प करायचे. साखरेचा आजार जुना. पायाला काहीतरी लागलं, ते कोणाला सांगितलं नाही, हळद भरून फडकं बांधलं आणि वर चप्पल घातली. मी गेले तेव्हा मला आधी वास आला. मग बोट दिसलं. तशीच रिक्षा करून त्यांना कर्जतला आणलं आणि मग माझ्या घरी. वाटेत मी एवढं बोलले की रिक्षावालाच म्हणाला, ताई, पाणी प्या.

डॉक्टरीणबाई शांत बाई. त्यांनी पाय उलटासुलटा पाहिला आणि म्हणाल्या, "आजोबा, हे बोट काढावं लागेल. आत्ता बोटावर भागेल. उशीर केलात तर पाऊल जाईल, आणि त्यापुढे…" त्यांनी हात स्वतःच्या गुडघ्यापर्यंत नेला. मला पुढचं ऐकवेना.

बाबा म्हणाले, "बघू."

हा शब्द ते कसा म्हणाले हे कळायला बाबा काय होते ते सांगायला हवं. ते रेल्वेत चावीवाला होते, घाटात, ठाकुरवाडीकडे. खांद्यावर हातोडा टाकायचा, आपल्या वाट्याचे रूळ रोज पायी तुडवायचे, रुळाला धरून ठेवणारी चावी कुठे सैल झाली असेल तर ती ठोकून बसवायची. पाऊस असो, बोगदा असो, दरड कोसळायची भीती असो. तुमी काय काम करायचा, असं कोणी विचारलं तर ते "चालायचो" एवढंच सांगायचे. आता अशा माणसाकडे जाऊन पायाचं बोट मागायचं.

बुद्धिबळही त्यांनी घाटातच उचललं. गँगच्या, म्हणजे रुळांवर काम करणाऱ्या टोळीच्या, खोलीत फरशीवर खडूने पट काढलेला असायचा, नि सोंगट्या म्हणजे नटबोल्ट आणि खडे. तेच त्यांनी मला शिकवलं. आमचा खेळ जुना, देशी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकणार. राजाला शह बसायच्या आधी एकदाच घोड्यासारखी उडी मारता येणार. आणि आमच्या घरची एक रीत होती, गँगच्या खोलीतूनच आलेली. हरलो हे तोंडाने म्हणायचं नाही. ज्याचा डाव संपला त्याने आपला राजा स्वतःच्या हाताने उचलायचा आणि पटाच्या मधोमध ठेवायचा. की झालं. लहानपणी मी इतक्यांदा राजा मधे ठेवला आहे की मला वाटायचं हाच खेळाचा नियम आहे. रडले तरी बाबा एकदाही मुद्दाम हरले नाहीत. तसले लाड आमच्यात नव्हते.

तर पुण्यात शिकणारी माझी लेक सुट्टीला आली होती. आजोबांचा जीव रमावा म्हणून तिने त्यांना माझ्या मोबाईलवर ते आठ जण लावून दिले आणि गेली निघून. आठांत आपल्याकडचा एक पोरगा होता. एवढुसा. मिशीसुद्धा धड नाही. लेकीने जाताना सांगितलं की यातला जो पहिला येईल तो जगज्जेत्याशी खेळणार.

"म्हणजे पहिला आला तरी तो जगज्जेता नाही?" मी विचारलं.

"नाही गं आई. त्याला फक्त लढायचा हक्क मिळतो."

"एवढं करून नुसता हक्क?"

"हो."

मला काही हे पटलं नाही. पहिला आला तो आला, त्यात आणखी काय ठेवायचं? पण बाबांना पटलं. त्यांनी मान हलवली, पाय उशीवर नीट ठेवला आणि मला म्हणाले, "ऐक गं. हा पोरगा पयला आला ना, की मी जातो दवाखान्यात. बोट काढा नायतर काय काढा. तवर मला कोणी बोलायचं नाय."

मी म्हटलं, "बाबा, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? तो तिकडे प्यादी सरकवणार, आणि तुमचं बोट इकडे सडणार?"

"बोलू नको म्हटलं ना."

तेव्हापासून आमच्या घरात जे सुरू झालं त्याला काय म्हणावं मला अजून कळत नाही. जप म्हणावा तर जप नाही, खेळ म्हणावा तर खेळ नाही. दुपार कलली की बाबा खाटेवर मोबाईल उभा करायचे, समोर माझा जुना पट मांडायचे आणि तिकडे चाल झाली की इकडे सोंगटी हलवायचे. मी गिरणीतून अंगावरचं पीठ झटकत यायची, बघायची, आणि डोक्याचा भुगा करून परत जायची. बोलणारे सगळे इंग्रजीत बोलायचे, तेही धावत सुटल्यासारखं. पटाच्या कडेला एक काळीपांढरी पट्टी वरखाली व्हायची. मला वाटलं मोबाईलचं चार्जिंग. बाबा म्हणाले, "नाय गं, ती तापाची कांडी हाय. कोणाला किती ताप चढला ते दिसतं." डाव कोणाकडे झुकतोय ते ती दाखवते, हे लेकीने नंतर सांगितलं; तोवर आम्ही दोघं ती ताप म्हणूनच बघत होतो. आपल्या पोराची पट्टी खाली आली की बाबा कपाळाला हात लावायचे, स्वतःच्या.

एकदा तर त्यांनी मला ओरडून बोलावलं. गिरणीत बायका डबे घेऊन उभ्या होत्या, तशीच धावत गेले. वाटलं पायाला काही झालं.

"चोरी केली!" बाबा म्हणाले. "राजा नि हत्ती एकाच चालीत दोघं हलले. बघितलं मी."

मी लेकीला फोन लावला. ती हसली आणि म्हणाली की ते चालतं, तो नियमच आहे. प्यादं दोन घरं जातं तेही चालतं. बाबांनी फोन कानाला लावून सगळं ऐकून घेतलं आणि मला परत देत म्हणाले, "मग आपण इतकी वरसं काय खेळलो?" ते एवढ्या गंभीरपणे म्हणाले की मला हसावं की रडावं ते कळेना. बाहेर कोणीतरी ओरडलं, अहो बाई, ज्वारी संपली, दगडावर दगड फिरतोय.

एकाआड एक दिवस आम्ही ड्रेसिंगला जायचो. रक्त, छाती, सगळ्या तपासण्या करून ठेवल्या होत्या. डॉक्टरीणबाई पट्टी सोडायच्या, बघायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. एकदा त्यांनी मला बाहेर बोलावून घेतलं. म्हणाल्या, "काळं वर सरकतंय. तुम्ही कशासाठी थांबलाय?" आता त्यांना काय सांगणार? परदेशातला एक पोरगा पहिला येण्यासाठी थांबलोय? मी म्हटलं, "घरात बोलणं चाललंय." ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय.

माझंही डोकं चालत होतं. एका दुपारी मी बघितलं की आपल्या पोराने आपण होऊन एक प्यादं मारू दिलं, आणि ती इंग्रजी माणसं त्याचं कौतुक करत सुटली. मी म्हटलं सापडलं! बाबांच्या शेजारी बसले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "बघा बाबा. राजा वाचवायला कधी कधी प्यादं द्यावं लागतं."

बाबांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी गोड आवाज गिळला.

"ते प्यादं," ते म्हणाले, "त्याच्या पायाला चिकटलेलं नाय."

मी उठून गेले. गिरणीत जाऊन पट्टा उगाचच घट्ट केला.

खेळ संपायच्या आत बाबांचा डोळा लागायचा, रोजचं होतं ते. निकाल सकाळी लेकीच्या मेसेजवरून कळायचा. त्यातही एक गोम होती. बऱ्याचदा निकालच नसायचा. कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही, अर्धा याला, अर्धा त्याला. मला तर त्या अर्ध्यांचा रागच यायचा. एवढे तास बसून काय मिळवलं, तर अर्धा. पण असल्या अर्ध्याअर्ध्यांनी आपला पोरगा वर चढत गेला आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या पुढे होता, थोडासाच.

त्या दिवशी लेकीने दुपारी फोन केला. "आई, आज बरोबरी झाली तरी बास. बाकीच्यांना तो सापडत नाही मग."

मी हो म्हटलं. पण खरं सांगू, माझ्या मनात ते शिरलंच नाही. बरोबरी करून कोण पहिला येतो? शर्यतीत दोघं एकदम पोचले तर कोणी एकाला हार घालतं का? मला वाटलं पोरीला धीर द्यायची सवय आहे, आपली उगाच समजूत काढतेय. बाबांनी विचारलं काय म्हणाली, तर मी म्हटलं, "आज जिंकलाच पाहिजे म्हणते." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्या संध्याकाळी बाबा झोपले नाहीत. नवरा खोपोलीकडच्या कंपनीत रात्रपाळीला गेला होता, तिथे आत फोन नेऊ देत नाहीत. घरात आम्ही दोघंच. मी भाकऱ्या थापत होते आणि मधून मधून येऊन बघत होते. पट रिकामा होत चालला होता. ताप पट्टीच्या मधोमध अडकून बसला होता, ना वर ना खाली. मग पहिल्यांदाच आम्हाला शेवट दिसला. पटाचं चित्र गेलं आणि खरोखरचा पोरगा आला, खुर्चीत बसलेला, चित्रभर तोच. समोरच्याने हात पुढे केला. आपल्या पोराने तो धरला. आणि मग त्याने आपला राजा उचलला आणि पटाच्या मधोमध ठेवला.

बाबांच्या तोंडून नुसता "आ" निघाला.

पोराने टेबलावर कपाळ टेकलं. तसाच राहिला. आजूबाजूला माणसं उठत होती आणि हा मान वर करत नव्हता.

"गेला," बाबा म्हणाले. "राजा मधे ठेवला त्यानं."

मीही पाहिलं होतं. शंका घ्यायला जागाच नव्हती. मला त्या पोराचं वाईट वाटायला हवं होतं, पण मला काय वाटलं ते सांगते. मला एवढा संताप आला की हातातलं उलथणं मी भिंतीवर मारलं. इतके दिवस काळं वर सरकू दिलं, कशासाठी? मी मोबाईल हिसकला, बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन तांदळाच्या डब्यात खुपसला. वर झाकण लावलं. परत आले तर बाबा तसेच बसलेले, पटाकडे बघत.

"बास झालं!" मी ओरडले. "त्याचा आणि तुमच्या पायाचा काय संबंध हो? मला सांगा ना! तो हरला म्हणून तुमी पाय सडवणार? मला बाप हवाय. माझं दुसरं कोण हाय माहेरी?"

बाबांनी पटावरची नजर काढली नाही. मग म्हणाले, "तुझी आई चालत गेली होती."

मला आधी कळेचना.

"दवाखान्यात," ते म्हणाले. "बारीकसं आपरेशन होतं. पिशवी पण तिनंच धरली होती. माझ्या पुढं चालत होती. म्हणाली उद्या येऊ घरी, दुधाची पिशवी घेऊन ठेवा." त्यांनी उशीवरच्या पायाकडे बघितलं. "मी पण चालतच जाणार ना. म्हणून भ्या वाटतं मला. झालं तुझं समाधान?"

आई गेली तेव्हा माझी लेक पोटात होती आणि मला कोणी दवाखान्यात जाऊ दिलं नव्हतं. पिशवीचं मला माहीतच नव्हतं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले, लाज न बाळगता. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, ते त्यांना कधी जमलंच नाही. ते म्हणाले, "भाकरी करपली वाटतं." खरंच करपली होती.

सकाळी मी उठले तर बाबा अंघोळ करून, धुतलेला लेंगा घालून दाराशी खुर्चीवर बसले होते. हातात पिशवी. मी काही विचारायच्या आधीच माझी नजर खाटेजवळच्या पटावर गेली. रात्री त्यावर पोराचा डाव तसाच मांडलेला होता. आता सगळ्या सोंगट्या डब्यात गेल्या होत्या. पटावर एकच राजा होता, मधोमध.

  एवढी बडबडी मी, पण काही न विचारता पायात चपला सरकवल्या. रिक्षा बोलावली. बाबा माझा हात न धरता पायरी उतरले.

डॉक्टरीणबाईंनी साखर बघितली आणि म्हणाल्या, "आजच घेऊ. आणखी थांबलो असतो तर बोटावर भागलं नसतं." बाबांना आत नेलं. मी बाकावर बसून होते. गोंधळ असा होता की काही विचारू नका. पोरगा जिंकला तर येतो म्हणालेले बाबा तो हरल्यावर आले कसे? मी ओरडले म्हणून? आईचं बोलून टाकलं म्हणून? उलटसुलट करून बघत होते, काही बसेना. आणि आत माझा बाप होता. तो चालत गेला होता.

ऑपरेशन नीट झालं. बोट गेलं, पाऊल राहिलं. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मी त्यांचे हात धरले आणि सोडेना, शेवटी त्यांनीच सोडवून घेतले.

दुपारनंतर शेजाऱ्यांकडून कळून आमचे हे आले. चेहरा गोंधळलेला, हातात माझा मोबाईल, त्याला तांदळाचं पीठ लागलेलं. "मी डाळ-भात टाकावा म्हणून डबा उघडला," ते म्हणाले, "तर हा आत! चालू केला तर पोरीचे फोनवर फोन. तू फोन तांदळात कशाला ठेवतेस?"

मी लेकीला लावला. ती आधी रडली, मग चिडली, आणि मग आजोबा बरे आहेत हे कळल्यावर म्हणाली, "आणि काल पहिला आला ना गं तो!"

"कोण?"

"कोण काय! आपला मुलगा! बरोबरी झाली ना."

"अगं, त्याने राजा मधे ठेवला. मी बघितलं. हरला तो."

"आई, डाव संपला की दोघंही राजे मधे ठेवतात. कोणत्या घरात ठेवले त्यावरून निकाल काय लागला ते कळतं. तो हरला नाही. आनंदाने डोकं टेकून बसला होता."

आनंदाने! मी फोनकडे बघत राहिले.  आम्ही एवढं रडलो, भांडलो, आईला मधे आणलं, उलथणं मोडलं, आणि तो पोरगा पहिला आला होता.

संध्याकाळी बाबांना बोलता यायला लागलं. मी त्यांना सांगितलं. सांगताना वाटत होतं, आता चिडतील. म्हणतील, मला खोटं सांगून आणलंस. त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे आता त्या जगज्जेत्याशी खेळणार?"

"हो. पुढे काही महिन्यांनी."

 मग हसू आलं त्यांना, दुखत असतानाही. "बरं झालं गं," ते म्हणाले, "काल कळलं नाय ते."

"म्हणजे?"

"कळलं असतं तर मी म्हटलं असतं, आता त्याचा जगज्जेत्याशी सामना होऊ दे, मग जातो. तू काय बोलली असतीस मला? अट पुरी झाली म्हणून नाचली असतीस, नि मी तुला नवीन अट घातली असती. काल तो हरला, म्हणजे हरला वाटलं. मग वाट बघतो असं सांगायला काय उरलंच नाय माझ्याकडं."

मी त्यांच्या पायाकडे बघितलं. पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेलं, बोट कमी झालेलं, पण पाऊल. अख्खं पाऊल. आता ते बूट घालून गिरणीपर्यंत येतात, बायकांचे डबे रांगेत लावतात आणि पीठ जाड पडलं म्हणून माझ्यावरच ओरडतात. सामना कधी हाय, हे रोज विचारतात.

त्या पोराने आनंदात हरल्यासारखं का करावं, आणि हरलो समजून माझ्या बापाने शहाण्यासारखं का करावं, याचा मला अजून उलगडा होत नाही. पण त्या संध्याकाळी कोणी आम्हाला खरं सांगितलं असतं, तर आम्ही आळीभर पेढे वाटले असते आणि बाबांचा पाय गेला असता.